डोळे आपोआप हलतात: कुणाचे, कधीपासून, कशामुळे?

तिरपी_मान

लहानपणापासून एक प्रश्न ऐकत आलोय, "अरे, तू नक्की कुठे बघतोयस?"

समोरच्याकडेच बघत असतो. फक्त चेहरा जरा डावीकडे वळलेला, बुबुळं उजव्या कोपऱ्याकडे सरकलेली, आणि तीही एका जागी ठरत नाहीत. आडवी, लयीत, सतत हलत असतात. डॉक्टर याला निस्टॅग्मस म्हणतात. 'नेत्रदोलन' असाही शब्द वाचलाय, पण तो अजून कुणाच्या तोंडून ऐकला नाही. आमच्याकडे 'याचे डोळे हलतात' एवढ्यावर काम भागतं.

माझं जन्मापासूनचं आहे. म्हणजे अगदी जन्मल्या दिवसापासून नव्हे, आई म्हणते तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग तुला सगळं हलताना दिसतं का?" नाही. मला जग अगदी स्थिर दिसतं. माझे डोळे हलताना मी पहिल्यांदा पाहिले ते कॉलेजात असताना, मित्राने काढलेल्या व्हिडिओत. तोवर लोक उगाच वाढवून सांगतात अशी माझी समजूत होती.

मान तिरपी का, तेही सांगून टाकतो. डोळे उजव्या कोपऱ्याकडे नेले की हलणं जवळजवळ थांबतं आणि अक्षरं सुटी दिसतात. डॉक्टरांनी त्याला 'नल पॉइंट' म्हटलं होतं. मी तो कुणी न शिकवता दोन-तीन वर्षांचा असताना शोधला, असं घरचे सांगतात. शाळेत मात्र "मान सरळ कर" हा रोजचा कार्यक्रम. मान सरळ केली की फळ्यावरची ओळ पुसल्यासारखी व्हायची. एका बाईंनी दया येऊन मला पहिल्या बाकावर बसवलं, पण वर्गाच्या उजव्या टोकाला! फळा गेला डावीकडे. माझे डोळे शांत राहणार उजवीकडे बघताना, म्हणजे मान आणखी डावीकडे वळवणं आलं. अख्खं वर्ष मी भिंतीकडे तोंड करून फळा वाचला.

इथे कुणाला असा त्रास आहे का? जन्मापासूनचा, नंतर झालेला, कसाही. लिहा.

जागरणवीर

मला आहे! गेले दहा दिवस डावा डोळा थडथडतोय. खालच्या पापणीत कुणीतरी आतून टिचकी मारतंय असं वाटतं. ऑफिसात दोघांना विचारलं, "दिसतंय का?" दोघंही म्हणाले, काहीच दिसत नाही. हे तेच का?

कर्णोपकर्णी

@जागरणवीर, नाही. तुमचा डोळा हलत नाहीये, पापणी हलतेय. पापणी मिटणारा जो गोल स्नायू असतो, त्यातले काही धागे मनाला येईल तसे आकसतात. मायोकिमिया म्हणतात. कारणं तुमच्या आयडीतच आहेत: अपुरी झोप, ताण, कॉफीचा मारा. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपलं आपण थांबतं. मात्र दोन्ही डोळे जोरात मिटले जाऊ लागले आणि उघडायला कष्ट पडू लागले तर ते वेगळं प्रकरण. डोळ्याबरोबर त्याच बाजूचा ओठाचा कोपराही ओढला जाऊ लागला, तर तेही वेगळं. तिथे बहुतेक वेळा मेंदूच्या देठाजवळ एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेला टेकलेली असते. या दोन्हींवर बोटॉक्सची इंजेक्शनं चांगली चालतात. सुरकुत्यांसाठी बोटॉक्स प्रसिद्ध झालं, पण ते औषध म्हणून आधी आलं डोळ्यांसाठीच. अमेरिकेत १९८९ साली परवानगी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या पेटक्यांकरता.

(माझं काम चक्कर आणि तोल यांच्या तपासण्या करण्याचं. डॉक्टर नाही, पण दिवसभर हलते डोळेच बघत असते. त्यामुळे हा धागा सोडवणार नाही.)

खवचट_काका

दिवसभर हलते डोळे बघणाऱ्या बाईंना संध्याकाळी चक्कर येत नाही का?

कर्णोपकर्णी

काका, येते. तुमचे प्रतिसाद वाचून.

गरगर

माझा अनुभव नंतर झालेल्या प्रकारातला. एका पहाटे अंथरुणात उजव्या कुशीवर वळलो आणि छत फिरायला लागलं. वीस-पंचवीस सेकंद, मग थांबलं. परत वळलो, परत तेच. पहिल्या डॉक्टरांनी चक्करेच्या गोळ्या दिल्या. दीड महिना घेतल्या. झोप भरपूर यायची, छत फिरायचं ते फिरायचंच.

मग कुणीतरी नाक-कान-घसावाल्यांकडे धाडलं. त्यांनी मला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवायला लावली आणि धाडकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली लोंबकळेल असं. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मी म्हणणार होतो की आज बरं वाटतंय, तेवढ्यात खोली फिरली. बायको समोर उभी होती. ती म्हणते, तुमची बुबुळं कपाळाकडे झटके देत देत स्वतःभोवती फिरत होती, घड्याळाच्या काट्यासारखी. ती घाबरली. डॉक्टर मात्र खूश! "वा, छान दिसतंय," म्हणाले. नंतर त्याच टेबलावर डोकं चार वेगवेगळ्या स्थितींत फिरवलं, प्रत्येक स्थितीत थोडं थांबवलं, उठवून बसवलं. गोळ्या बंद. दीड महिन्याचं दुखणं पंधरा मिनिटांत गेलं हो!

कर्णोपकर्णी

@गरगर, अगदी पुस्तकातली केस. कानाच्या आत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. खाली-वर काय, पुढे-मागे काय, हे कळण्यासाठी. ते जागा सोडून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत घरंगळले की डोकं विशिष्ट दिशेला वळवताच आतला द्रव ढवळला जातो आणि मेंदूला वाटतं, डोकं गरागरा फिरतंय. तुम्हाला आडवं करून केली ती डिक्स-हॉलपाइक चाचणी, १९५२ पासूनची. नंतर केलं ते इप्लींचं तंत्र: कण ज्या वाटेने आले त्याच वाटेने त्यांना घरी पाठवायचं. दोन-तीन सेकंदांचा तो उशीर म्हणजे कण नलिकेत घरंगळायला लागलेला वेळ. डॉक्टर खूश झाले कारण उशिराने सुरू होणारे, मिनिटाच्या आत थांबणारे असे झटके दिसले की निदान जवळजवळ हातात आलेलं असतं.

आता कानाचा आणि डोळ्याचा संबंध काय? आत्ता करून बघा. हे वाचताना मोबाईल स्थिर धरा आणि मान 'नाही नाही' म्हणतो तशी भराभर हलवा. वाचता येतंय ना? आता मान स्थिर ठेवा आणि मोबाईल तेवढ्याच वेगाने हलवा. सगळा चिखल. हालचाल तेवढीच आहे, फरक कानाचा. डोकं उजवीकडे गेलं की कान लगेच डोळ्यांच्या स्नायूंना कळवतात आणि डोळे तेवढेच डावीकडे जातात. हे इतक्या झटपट होतं की 'बघणं' त्यात पडतच नाही. बघून दुरुस्ती करायची तर तोवर उशीर झालेला असतो.

डोकं स्थिर असताना दोन्ही कान सतत सारखेच संदेश मेंदूकडे पाठवत असतात. समजा विषाणूच्या त्रासाने उजव्या कानाची नस एकदम गप्प झाली. डावा चालूच आहे. मेंदूचा हिशोब: डावीकडून जास्त येतंय, म्हणजे डोकं डावीकडे फिरतंय. मग तो डोळ्यांना हळूहळू उजवीकडे सरकवतो. कोपरा आला की झटक्यात परत डावीकडे. परत हळू उजवीकडे, परत झटका. यातली गंमत अशी की बिघाड आहे हळू सरकण्यात, आणि आम्ही नाव ठेवतो झटक्याच्या दिशेवरून, कारण दिसतो तोच. बिघडलेला कान उजवा, रिपोर्टवर मात्र 'डावीकडचा निस्टॅग्मस'. दर आठवड्याला कुणीतरी नातेवाईक रिपोर्ट घेऊन येतो, "मॅडम, बाजू चुकली का?"

उंटावरचा

मस्त धागा. वाचनखूण साठवली. माझी थोडी भर.

निरोगी डोळासुद्धा कधी स्थिर नसतो. एका ठिपक्याकडे टक लावून बघतानाही तो बारीक थरथरतो, हळूच सरकतो, छोट्या उड्या मारून परत येतो. प्रयोगशाळेत प्रतिमा दृष्टिपटलावर पूर्ण स्थिर करून पाहिली, तर ती काही सेकंदांत विरून जाते. म्हणजे हलणं हा मुळात बघण्याचाच भाग आहे, प्रश्न फक्त किती आणि कसं याचा.

धावत्या रेल्वेत खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाचे डोळे निरखा (ओळखीचाच निवडा). खांबाबरोबर हळू मागे, मग टुणकन पुढे, परत पुढचा खांब. हाही निस्टॅग्मसच, आणि अगदी निरोगी. बोलू न शकणाऱ्या बाळाला दिसतंय का हे बघायला पट्ट्यापट्ट्यांचं पिंप फिरवून हीच हालचाल तपासतात. "मला काहीच दिसत नाही" असं सोंग घेणाराही त्या पिंपापुढे फसतो, कारण डोळे पट्ट्यांमागे जातातच.

आणि आरशाचा खेळ: आरशात स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे, मग उजव्या डोळ्याकडे बघा. डोळे हलताना दिसणारच नाहीत. उडी चालू असताना मेंदू चित्र दाबून टाकतो. तेच मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात करा, दिसतील, कारण तिथे चित्र किंचित उशिरा येतं.

शेवटचा_बाक

मी मुद्दाम हलवू शकतो. दोन्ही डोळे, अति वेगाने, चार-पाच सेकंद. शाळेत यावर बरीच लोकप्रियता कमावली. धाकट्या भावालाही जमतं. आजार तर नाही ना?

कर्णोपकर्णी

नाही. मोजक्या लोकांना जमतं, आणि ते घराण्यात चालतं असंही दिसतं. फार वेळ टिकवता येत नाही हीच त्याची ओळख. तपासणीच्या खुर्चीत मात्र करू नका. आमची भंबेरी उडते.

नवी_आई

नमस्कार. इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझं बाळ साडेचार महिन्यांचं आहे. तीन आठवड्यांपूर्वी दूध पाजताना लक्षात आलं की त्याचे डोळे आडवे हलतात, लयीत. मला वाटलं माझा भास. सासूबाईंनाही दिसलं. उजेडात नेलं की डोळे घट्ट मिटून घेतो. बालरोगतज्ज्ञ म्हणाले लहान बाळांचे डोळे असे हलतात, सहा महिन्यांनी बघू. थांबू का? रात्र रात्र हेच वाचत बसते.

कर्णोपकर्णी

ताई, थांबू नका. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळांचे डोळे अधूनमधून भरकटतात, ते खरं. पण लयीत, सतत हलणं त्यात बसत नाही. लहान मुलांच्या डोळ्यांचे स्वतंत्र तज्ज्ञ असतात, त्यांच्याकडे याच आठवड्यात जा. जाण्याआधी व्हिडिओ काढून ठेवा, दूध पितानाचा आणि जागेपणी खेळतानाचा. दवाखान्यात बाळ नेमकं झोपतं.

ते काय बघतील हे माहीत असलं की भीती जरा कमी होते, म्हणून लिहिते. आधी डोळ्यातच काही आहे का ते: जन्मतः मोतीबिंदू, डोळ्याची नस पूर्ण न वाढणं, बुबुळात रंगद्रव्य कमी असणं, किंवा दृष्टिपटलातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम न करणं. उजेड सहन न होणं ही खूण या शेवटच्या दोन्हींत दिसते, म्हणून ती आवर्जून सांगा. मोतीबिंदू असेल तर मात्र आठवड्यांचाही फरक पडतो, थांबू नका म्हटलं ते त्यासाठी. यातलं काहीच सापडलं नाही, तर डोळे हलवणाऱ्या यंत्रणेतलाच जन्मजात दोष समजतात. काही घराण्यांत तो एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकातून येतो. आणखी एका प्रकारात बारीक भरभर हलणारे डोळे, मान डोलावणं आणि मान तिरपी असं तिन्ही दिसतं. ते बहुधा काही वर्षांत आपोआप ओसरतं, तरी डोळ्याच्या नसेवर गाठ नाही ना, हे बघायला एमआरआय सांगतात.

एकच गोष्ट तातडीची: डोळे लयीत न हलता वर-खाली-आडवे-तिडवे, न थांबता नाचायला लागले आणि हातापायांना झटके येऊ लागले, तर वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात. तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

तिरपी_मान

@नवी_आई, वरचं सगळं कराच. मी फक्त आतली बाजू सांगतो. तुमच्या बाळाला जग हलताना दिसत नाहीये. प्रत्येक फेरीत डोळा क्षणभर नेमक्या जागी मंदावतो आणि मेंदू तेवढंच चित्र उचलतो. आम्हाला याखेरीज दुसरं काही माहीतच नसतं. नजर थोडी कमी असते खरी, पण मी वाचतो, लिहितो, हे टंकतोय. दमलो, चिडलो, कुणी डोळ्यांकडे टक लावून बघायला लागलं की हलणं वाढतं. पुस्तक जवळ धरलं की कमी होतं, कारण दोन्ही डोळे नाकाकडे वळले की ते शांत होतात. पुढे मुलगा पुस्तक नाकाला लावून वाचायला लागला तर "डोळे बिघडतील" म्हणून हिसकावू नका.

आणखी एक, हे मला तिशीत कळलं. चष्म्याचा नंबर काढताना एक डोळा झाकतात ना? आमच्यातल्या पुष्कळांचे डोळे एक झाकला की दुप्पट नाचतात. मग नजर आहे त्याहून वाईट निघते. जाणकार माणूस डोळा झाकत नाही, त्यापुढे जाड भिंग धरून नुसता धूसर करतो, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून वेगळी नोंद घेतो. माझी वर्षानुवर्षं झाकूनच घेतली. मी समजत होतो ढ मीच.

पाटी_कोरी

डोळ्यांचे व्यायाम नियमित करा. सहा महिन्यांत निस्टॅग्मस मुळापासून जातो. एकाचा गेलेला पाहिलाय. डॉक्टर हे सांगत नाहीत.

तिरपी_मान

मी केलेत. सहा महिने नव्हे, दोन वर्षं. वर-खाली, आडवे, अंगठ्याकडे बघून. अंगठा स्थिर होता, डोळे नाही.

खरोखर उपयोगी पडतात त्या गोष्टी थोड्या: बरोबर नंबरचा चष्मा, काहींना कॉन्टॅक्ट लेन्स, काहींना प्रिझम. मान फारच वळत असेल तर स्नायूंची जागा बदलून शांत कोन समोर आणणारी शस्त्रक्रिया, १९५३ पासून होतेय. गॅबापेंटिन किंवा मेमँटिन या गोळ्यांनी काहींचं हलणं कमी होतं. 'मुळापासून' यातलं काहीच नेत नाही.

गरगर

+१. आणि इप्लींचं तंत्रसुद्धा व्हिडिओ बघून घरी करायला जाऊ नका. मानेचा त्रास असेल तर भलतंच व्हायचं. शिवाय कण कुठल्या कानात, कुठल्या नलिकेत, हे आधी कळायला हवं.

खवचट_काका

एक शास्त्रीय शंका. मित्राची आहे. चार पेग झाल्यावर पलंगावर आडवं पडलं की पलंग फिरतो. पाय जमिनीला टेकवला की जरा थांबतो. हे कानाचं की पलंगाचं?

कर्णोपकर्णी

मित्राला सांगा, कानाचं. त्या नलिकांत द्रव असतो आणि त्यात एक लवचिक पडदी. एरवी दोघांची घनता सारखी, म्हणून नुसतं आडवं पडून पडदी वाकत नाही. दारू रक्तातून आधी पडदीत शिरते, द्रवात उशिरा. दारू पाण्याहून हलकी, त्यामुळे पडदी तरंगायला बघते आणि आडवं पडताच वाकते. डोळे झटके देतात, पलंग फिरतो. काही तासांनी द्रवातही दारू पोचते, हिशोब जुळतो, जरा बरं वाटतं. मग उतरताना ती पडदीतून आधी बाहेर पडते आणि सगळं उलट दिशेने सुरू. सकाळची गरगर ती हीच. पाय टेकवल्याने मेंदूला स्थिर असल्याचा एक जादा पुरावा मिळतो, इतकंच.

याच धर्तीची आमच्या धंद्यातली जुनी गोष्ट. व्हिएन्नात रॉबर्ट बारानी नावाचे कानाचे डॉक्टर रुग्णांचे कान पाण्याने धूत. पाणी गार असलं की रुग्ण म्हणे चक्कर येते आणि डोळे एका दिशेला झटके देतात. गरम असलं की दुसऱ्या दिशेला. त्यांनी ताडलं की तापमानामुळे आतला द्रव खाली-वर वाहतोय. त्यांना १९१४ चं नोबेल जाहीर झालं, तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियाच्या कैदेत होते. कानात गार-गरम पाणी सोडून डोळे मोजायची ती चाचणी मी आजही करते. नंतर १९८३ साली अंतराळात ती करून पाहिली. तिथे वजनच नाही, मग द्रव वाहायचं कारण नाही. तरी डोळे हलले! म्हणजे बारानींचं बरचसं बरोबर, सगळं नाही.

जागरणवीर

कॉफी निम्मी केली. पापणी थांबली. पण आता एक गंभीर प्रश्न. माझ्या वडिलांना फिट्सची गोळी चालू आहे. हा धागा वाचून काल त्यांचे डोळे नीट बघितले. समोर बघताना ठीक, पण डावीकडे किंवा उजवीकडे बघितलं की त्या त्या बाजूला झटके. चालताना थोडे झोकांडतातही.

कर्णोपकर्णी

ज्यांनी गोळी दिली त्यांना आजच फोन करा. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका, फिट येईल. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारख्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढलं की लहान मेंदूला डोळे कोपऱ्यात धरून ठेवणं जमेनासं होतं. ते मध्याकडे घसरतात आणि झटक्याने परत जातात. अगदी टोकाला बघताना दोन-चार झटके निरोग्यांनाही येतात, पण झोकांड्या बरोबर आहेत म्हणून हे तपासायला हवं. लिथियम या मानसिक आजारावरच्या औषधानेही डोळे हलू शकतात, त्यात कधी झटके जमिनीकडे असतात. व्यसनी किंवा फार कुपोषित माणसात बी-१ जीवनसत्त्व संपल्यानेही होतं, तिथे तासांचा हिशोब असतो.

आणि सगळ्यांसाठी: जन्मापासून हलणारे डोळे एक, काल-परवा हलायला लागलेले डोळे दुसरे. मोठ्या माणसात नव्याने सुरू झालं, जग हलताना दिसतंय, त्यात बोबडं बोलणं, दोन-दोन दिसणं, एका बाजूचा अशक्तपणा, किंवा आधाराशिवाय बसता-उभं राहता न येणं यांतलं काहीही असेल, किंवा समोर बघताना झटके खाली-वर असतील, तर कान समजून घरी पडून राहू नका. पक्षाघात असू शकतो, थेट रुग्णालय.

जागरणवीर

अपडेट: रक्त तपासलं, प्रमाण जास्तच निघालं. डोस कमी केलाय. कर्णोपकर्णी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

नवी_आई

आमचंही कळलं. मोतीबिंदू नाही. दृष्टिपटलाची आणखी एक तपासणी व्हायची आहे, रंग ओळखणाऱ्या पेशींची. डॉक्टरांनी गडद काचेचा छोटा चष्मा दिलाय. तो लावून काल पहिल्यांदा गॅलरीत डोळे उघडे ठेवून बसला. मी रडले, तो माझ्या नाकाकडे बघत होता.

@तिरपी_मान, तो आत्तापासूनच चेहरा उजवीकडे वळवून बघतो. शाळा अजून लांब आहे, पण बाकाचं गणित सांगून ठेवा.

तिरपी_मान

चेहरा उजवीकडे, म्हणजे शांत कोन डावीकडे. वर्गाच्या उजव्या बाजूला बसवा, फळा आपसूक डावीकडे येईल आणि मान सरळ राहील. माझ्या बाईंनी दिलेली ती जागा. तिथेच.